बांधावरचे तीन ढीग

सोलापूर जिल्ह्यातल्या या फेरीतली बहुतेक ठिकाणे मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण मला लिहायचे आहे ते मंगळवेढ्याजवळच्या एका ज्वारीच्या शेतात घालवलेल्या दुपारविषयी. तणांचा अभ्यास हे माझे काम आहे. पिकांच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. पिकाच्या काकऱ्यांमध्ये कोणी न पेरता उगवणाऱ्या वनस्पतींना मात्र इतिहास असतो, हे मानायला शेतीतली जाणकार माणसेही सहसा तयार होत नाहीत. त्या दुपारी मला तो इतिहास वाचता येणारी बाई भेटली.

सोलापूरच्या स्थानकावर मंगळवेढ्याची एसटी धरली तेव्हा कार्तिकी एकादशी तोंडावर आलेली होती आणि पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांनी सगळे फलाट भरून गेले होते. सर्वेक्षणासाठी लागणारी माझी एक मीटर लांबीरुंदीची लाकडी चौकट गर्दीत मोडेल या काळजीने मी दारातच उभी राहिले, तेव्हा एका वयस्क माळकऱ्याने ती मागून घेतली आणि स्वतः उतरेपर्यंत मांडीवर सांभाळली. गर्दीचा मला एरवी मनापासून त्रास होतो. त्या दिवशी झाला नाही.

तण पाहायचे तर मी हाच हंगाम निवडते. मंगळवेढ्याची भारी काळी जमीन पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवरच रब्बी ज्वारी पोसली जाते. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पेरणी भाद्रपदाच्या अखेरीपासून आश्विनापर्यंत होते. कोळपे म्हणजे पिकाच्या ओळींमधून ओढायचे, तण काढून माती हलवणारे अवजार. तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्या आठवड्यात पासेचे आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळपे चालवावे, असे कृषी विद्यापीठ सांगते, आणि कोळपल्याने ओल टिकते या अर्थाचे ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हे शेतकरी आपण होऊन सांगतात. दुसरी कोळपणी होऊन गेलेली आणि तिसरी अजून व्हायची, अशा काळात कोळप्याच्या पासेतून, म्हणजे पात्यातून, सुटलेले तण ज्वारीच्या ताटांच्या बुडाशी उरते आणि बाया ते खुरप्याने काढतात. कोणत्या रानात काय टिकून राहिले आहे, हे तेव्हा स्पष्ट दिसते.

मी चौकट मांडून एकेक रोप मोजत होते, आणि पलीकडच्या पातीला, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळींत, खुरपत असलेल्या एक आजी काढलेले तण बांधावर आणून टाकत होत्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की त्या तीन वेगवेगळे ढीग करत आहेत. पहिल्यात तांदुळजा, घोळ आणि पाथरी होती. ती घरी भाजीला जाणार होती. दुसऱ्यात केना आणि चांदवेल होती, ती म्हशीसाठी. तिसऱ्यात हराळीच्या आणि कुंद्याच्या मुळ्या होत्या. त्या रानात राहिल्या तर पुन्हा फुटतात, म्हणून वाळवून जाळायच्या होत्या. मी वहीत शास्त्रीय नावांनी जी यादी करत होते, तिच्यात वनस्पती कोणत्या हे होते. त्या ढिगांमध्ये त्या वनस्पतींचे माणसाशी आणि जनावराशी काय नाते आहे, तेही होते.

शेताच्या वरच्या कोपऱ्यात तांदुळजा आणि घोळ इतकी दाट होती की तिथली माझी मोजणी पुढे सरकेना. आजी कंबर सरळ करून म्हणाल्या, “हितं मेंढरं बसली हुती, बाई. दोन साल झाली आसतील.” मी शेतमालकांना विचारले, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात धनगरांचा कळप खतासाठी नेमका त्याच कोपऱ्यात बसवला होता, असे त्यांनी सांगितले. खालच्या अंगाला लव्हाळा होता. तिथे पाणी तुंबते, हे आजींनी मी न विचारताच सांगितले.

हे ऐकून मी चौकट खाली ठेवली. प्राचीन शेतीचे संशोधक जे करतात, तेच या आजी करत होत्या. उत्खननातली माती पाण्यात कालवली की जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात आणि बारीक चाळणीने ते गोळा करता येतात. त्यांत धान्याबरोबर तणाचेही बी असते, आणि पुष्कळदा तेच अधिक बोलते. तांदुळजासारख्या नत्र आवडणाऱ्या तणांचे बी विपुल सापडले तर जमिनीला खत मिळत होते, असा तर्क करता येतो. ओलीतल्या लव्हाळ्याच्या जातीचे सापडले तर पाणी देत असावेत किंवा रान पाणथळ असावे. बुटक्या तणांचे बी धान्यात मिसळलेले असेल तर कापणी जमिनीलगत होत होती. या भागातून वाहणाऱ्या भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ती वस्ती सातू पिकवत होती. तीन हजार वर्षांपूर्वीचा तिथला शेतकरी या बांधावर आला असता तर हराळी, घोळ आणि आघाडा त्याने ओळखला असता. पलीकडे फुललेला पिवळा धोतरा, एकदांडी आणि गाजरगवत मात्र त्याला सर्वस्वी अनोळखी वाटले असते, कारण या तिन्ही वनस्पती अमेरिका खंडातल्या आहेत आणि युरोपीय जहाजांचे येणेजाणे सुरू होण्याआधी त्यांना इकडे येण्याचा मार्गच नव्हता.

हे मी आजींना सांगत असतानाच शेजारच्या पातीतल्या मुलीच्या बोटाला खुरपे लागले. आजींनी बांधावरची एकदांडीची पाने खुडून तळहातावर चोळली आणि रस जखमेवर पिळला. एकदांडी परदेशातली आहे, हे मी पुन्हा म्हटले. त्या म्हणाल्या, “आसंल की. पर रगात थांबवती.” मला त्यांचे म्हणणे पटले. वनस्पती बाहेरून आली, एवढ्याने ती दोषी ठरत नाही. ज्वारीही मूळची आफ्रिकेतली आहे. गाजरगवताचा दोष वेगळा आहे. त्याला जनावर तोंड लावत नाही, एकेका झाडाला हजारो बिया धरतात, आणि त्याच्या संपर्काने अंगाला खाज सुटते, परागकणांनी दमा बळावतो. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि त्यानंतर काही दशकांत ते देशभर पसरले. “ह्ये माझ्या लगनात नव्हतं. सडकंचं काम निघालं, मुरूम आला, त्यासंगं आलं,” असे आजी म्हणाल्या. माझ्या चौकटीतली गणतीही तेच सांगत होती: रस्त्याकडच्या काकऱ्यांत गाजरगवत दाट होते आणि शेताच्या मध्यात जवळजवळ नव्हते. आजी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ते फुलायच्या आत उपटत होत्या. ते कोणत्याच ढिगात जात नव्हते.

मेक्सिकोतून आणलेले, गाजरगवत खाणारे झायगोग्रामा भुंगेरे १९८४ साली बंगळूरला प्रथम सोडले गेले आणि पुढे महाराष्ट्रातही वाटले गेले. पावसाळ्यात ते चांगले काम करतात, पण रान कोरडे पडू लागले की जमिनीत दडतात. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात त्यांना मिळणारा अवधी फार थोडा असतो आणि रस्त्याकडेचे गाजरगवत त्यानंतरही फुलत राहते.

दुपारी बांधावर बसून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाथरीची कच्ची पाने खाल्ली. पाथरी किंचित कडू लागते आणि मला ती फार आवडली. “बहात्तर साली ह्याच भाज्यांवर जगलो. वरनं मिलो मिळायचा,” असे आजी १९७२ च्या दुष्काळाविषयी म्हणाल्या. मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे उघडल्याची कथा ज्या मंगळवेढ्याची, त्याच मंगळवेढ्यात कोठारे रिकामी असताना लोकांना काय तारत असेल, ते मला त्या पहिल्या ढिगात दिसत होते.

पुढे भीमेकाठच्या बागायती पट्ट्यात गेले. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि या पट्ट्यात ऊस वाढत गेला. तिथल्या फडांत तणनाशक फवारलेले होते आणि सऱ्यांमध्ये वाचण्यासारखे काही उरलेले नव्हते. शेतीच्या औषधांच्या दुकानदाराने मला एका फवारणीत रान स्वच्छ करून देणाऱ्या औषधाची उत्साहाने माहिती दिली, आणि तिथून मी फार खिन्न होऊन निघाले. ओणव्याने दिवसभर खुरपणाऱ्या बाईच्या गुडघ्यांचे काय होते हे मी पाहिले आहे, म्हणून तणनाशक वापरणाऱ्याला मी दूषण देणार नाही. पण भाजी, वैरण आणि जमिनीची माहिती अशा तिन्ही गोष्टी त्या फवारणीबरोबर जातात, आणि त्यांची किंमत कोणत्याही हिशेबात धरली जात नाही, हे मला मान्य नाही. नान्नजकडच्या माळरानांच्या कडेने वेड्या बाभळीची गर्दी पाहिली. तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

ज्यांना ही तणे पाहायची असतील त्यांनी तिसऱ्या कोळपणीच्या आधी जावे, मालकाला विचारून रानात उतरावे आणि मोजणी सुरू करण्यापूर्वी खुरपणाऱ्या बायांच्या पातीला बसावे. मी माघात पुन्हा जाणार आहे. तिथे ज्वारी मुळासकट उपटतात, त्यामुळे ताटांबरोबर बुडाचे तणही खळ्यापर्यंत येते. पूर्वी उफणणीत त्याचे बी वाऱ्याने बाजूला पडे; आता मळणीयंत्र आहे. यंत्राखालचा भुसा पोत्यात राखून ठेवण्याचे शेतमालकांनी कबूल केले आहे. त्यातले बी वेगळे काढून, वरच्या कोपऱ्यातला तांदुळजा त्यात किती उतरला आहे, ते मला तपासायचे आहे.