तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचा विमा आहे, मग भाड्यानं द्यायला हरकत काय?

"गाडी आठवड्यातले पाच दिवस नुसती उभी असते. ॲपवर टाकली तर हप्ता तरी निघेल. विमा तर आहेच. देऊ ना?"

मी दोन वर्षं माझी गाडी अशी अनोळखी लोकांना भाड्यानं देत होते आणि मग ते बंद केलं, हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. त्यामुळे हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. भाडं किती मिळतं, लोक गाडी कशी वापरतात, याची उत्तरं मी आनंदानं देते. बहुतेकांनी गाडी नीट वापरली, काहींनी तर धुऊन परत केली. मी अडते ती "विमा तर आहेच" या शब्दांपाशी.

माझ्या बाबतीत झालं ते असं. गाडी नेणाऱ्यानं ती रात्री ठरल्या जागी लावली, किल्ली पेटीत टाकली आणि ॲपवर प्रवास संपल्याचं नोंदवलं. मी सकाळी गेले तर मागचं दार हँडलपासून चाकापर्यंत आत गेलेलं. ॲपवाल्यांनी कळवलं की प्रवास रात्रीच संपला होता आणि नुकसान त्याआधीचं असल्याचा पुरावा नाही. माझ्या विमा कंपनीला फोन केला. गाडी तिथे का उभी होती, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी पॉलिसीतल्या वापराच्या मर्यादेच्या कलमावर बोट ठेवलं: खासगी वापर, भाड्यानं देण्यासाठी नाही. दार मी स्वतःच्या पैशानं बदललं. दोघांपैकी कोणीही कागदाबाहेरचं बोललं नव्हतं, हे मला नंतर दोन्हीकडची कलमं शांतपणे वाचल्यावर समजलं.

आपण समजतो की विमा गाडीचा असतो. खरं तर तो गाडीच्या ठरावीक वापराचा असतो. प्रीमियम ठरवताना कंपनीनं गृहीत धरलेलं असतं की गाडी तुम्ही चालवणार, घरचे चालवणार, कधीतरी एखादा मित्र चालवेल. पैसे घेऊन रोज नव्या माणसाच्या हातात स्टिअरिंग देणं हा वेगळा धोका आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेले नसतात. म्हणून खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बहुधा अपवादात टाकलेला असतो. ॲपचं संरक्षण ही जागा भरून काढतं, पण फक्त नोंदवलेल्या वेळेपुरतं. मधली तासाभराची फट असो की रात्रभराची, ती मालकाच्या नावावर.

माझं तर फक्त दार गेलं. माणूस जखमी झाला तर? फेब्रुवारी 2012 मध्ये बॉस्टनला रिलेराइड्स या लोकांच्या गाड्या भाड्यानं देणाऱ्या सेवेवरून, म्हणजे आजच्या टुरोवरून, भाड्यानं घेतलेल्या गाडीचा मोठा अपघात झाला. चालवणारा मरण पावला, समोरच्या गाडीतले लोक गंभीर जखमी झाले. सेवेचं संरक्षण 10 लाख डॉलरचं होतं. जखमींचे दावे त्याच्या वर गेले तर उरलेली रक्कम कोणाकडून वसूल होणार? त्या क्षणी गाडीच्या जवळपासही नसलेल्या मालकाकडून? तेव्हा हा प्रश्न अमेरिकेत जाहीरपणे विचारला गेला. मी तो वाचला तेव्हा माझी गाडी भाड्यावर बाहेर होती, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

कायदे आले, पण सगळीकडे एकदम नाही. कॅलिफोर्नियानं 2010 मध्ये कायदा केला: गाडी अशी वाटून वापरायला दिली, एवढ्याच कारणावरून मालकाची खासगी पॉलिसी रद्द करता येणार नाही आणि त्या वेळेतली जबाबदारी सेवेनं घ्यायची. त्याला अटही होती, की वर्षाचं भाडं गाडीच्या वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त नसावं. न्यूयॉर्कमध्ये मात्र विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाच्या आक्षेपानंतर 2013 मध्ये रिलेराइड्सची सेवा थांबली आणि राज्याचा कायदा झाल्यावर 2022 मध्ये परतली. एकाच देशात इतका फरक. म्हणून दुसऱ्या गावच्या मित्राचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

चोरीचं तर लोकांच्या लक्षातच येत नाही. भाड्यानं नेलेली गाडी कोणी परतच केली नाही, तर कित्येक पॉलिसींच्या भाषेत ती चोरी ठरत नाही, कारण किल्ली तुम्ही स्वखुशीनं दिलेली असते. कुलूप फोडून नेली असती तर भरपाई मिळाली असती, हातात दिली म्हणून नाही. आणि ॲपवर "संरक्षण योजना" असं लिहिलेलं दिसलं तर थांबा. त्यात दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग खरा विमा असतो, पण तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा भाग अनेकदा नुसता करार असतो: ठरावीक रक्कम तुम्ही सोसायची, वरची ते देणार, त्यांच्या अटींवर. गाडी गॅरेजमध्ये पडून असताना बुडालेलं भाडं सहसा कोणीच देत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा करारही काढून वाचा, भाड्यानं द्यायला तिथेच मनाई असू शकते.

एक सांगते, विमा कंपनीपासून लपवू नका. लपवलेली गोष्ट नेमकी मोठ्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरसमोर येते, आणि मग भाड्यावर नसलेल्या दिवसाचा क्लेमही वादात सापडू शकतो.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीनं हेच विचारलं. आम्ही दोघींनी बसून दोन ईमेल लिहिले. तिच्या विमा कंपनीला: गाडी भाड्यावर नसेल तेव्हा पॉलिसी पूर्ण चालू राहील का, आणि हे कळल्यावर नूतनीकरण कराल का? ॲपला: तुमचं संरक्षण नेमकं कोणत्या क्षणी सुरू होतं, कोणत्या क्षणी संपतं, मर्यादा किती, आणि मागे विमा कंपनी कोणती? ॲपचं उत्तर दोन दिवसांत आलं, कंपनीच्या नावासकट. तिच्या विमा कंपनीतल्या माणसानं फोनवर "चालेल हो" म्हटलं. ते लेखी द्या, असा ईमेल तिनं त्याला परत पाठवला आहे. उत्तर अजून यायचंय, आणि तोवर किल्ली तिच्याच पर्समध्ये आहे.