केर बघून टाकावा

परवा दुपारी व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी उसवली. मी सोफ्याखाली नळी घालून मन लावून फिरवत होते. शिंक आली म्हणून मागे वळले, तर समोरून ओढलेली सगळी धूळ मशीन पाठीमागच्या जाळीतून इमानेइतबारे परत देत होतं.

दुकानात जाऊन नवी पिशवी मागितली. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, पिशवीवाले आता कोण वापरतं? बॅगलेस बघा." ('काकू' मी सोडून दिलं.) त्याने फरशीवर कसलीशी पांढरी पूड टाकली, बटण दाबलं, आणि पूड पारदर्शक डब्यात गरगरायला लागली. "बघा, सगळं दिसतं!" तो म्हणाला, आणि मी तिथेच अडकले. आपल्याच घरची घाण दिसण्यात एवढं कौतुकाचं काय?

आमच्या घरी पहिलं मशीन आलं ते जिना चढूनच. १९८२ साली युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेली मुलं दारोदार फिरायला लागली, त्यांच्यापैकी एकाने आमचीही बेल वाजवली. त्याने आईच्या गादीवरून नळी फिरवली आणि निघालेलं सगळं वर्तमानपत्रावर ओतलं. करड्या पिठासारखा ढीग झाला. आई म्हणाली, "परवाच उन्हात घातली होती हो गादी," आणि हे ती त्या मुलाला नाही, शेजारून डोकावणाऱ्या काकूंना सांगत होती. बाबांनी हप्त्यांवर मशीन घेतलं.

आईने त्याला दसऱ्याला झेंडूचं फूल वाहिलं. लक्ष्मीपूजनाला मात्र पाटावर केरसुणीच. म्हणजे केरसुणी लक्ष्मी आणि हे शस्त्र, असा निकाल आमच्या घरात तेव्हाच लागला.

त्या शस्त्राची पिशवी कापडी होती आणि ती झटकायचं काम माझ्याकडे होतं. श्वास रोखून, डोळे मिटून, गॅलरीच्या कठड्याबाहेर हात काढून झटकायची. एका एप्रिलमध्ये खालच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. पुढचं सांगत नाही. त्या काकू महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्या वर्षी त्यांच्याकडून कुरडयाही आल्या नाहीत.

पिशवीचा इतिहास मात्र साधा आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या कॅन्टनला जेम्स स्पँग्लर नावाचा एक माणूस दुकानाची झाडलोट करायचा. त्याला दम्याचा त्रास, आणि पोट भरायचं ते धुळीवर. त्याने पंख्याची मोटर घेतली, झाडूचा दांडा घेतला, आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा बांधला. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि ते चामड्याच्या वस्तूंचा धंदा करणाऱ्या हूव्हरच्या घरात गेलं. अभ्रा! घरात जे हाताशी सापडलं ते. असा शोध आमच्या आजीनेही लावला असता, फक्त तिने अभ्रा दिला नसता.

नंतर जेम्स डायसन या ब्रिटिश संशोधकाला दिसलं की पिशवी भरत जाते तशी तिची छिद्रं बुजतात आणि ओढ मंदावते. त्याने लाकडाच्या कारखान्यातला भुसा भोवऱ्यात फिरवून वेगळा करणारा शंकू पाहिला, आणि तोच घरगुती मशीनमध्ये बसवायच्या नादात म्हणे ५१२७ नमुने केले. माझी तर चकली तीन घाण्यांत बिघडली की मी शेव पाडते.

एवढं करून भांडण मिटलंय का? नाही. घरात दमेकरी असेल तर कागदी पिशवीवालं बरं, धूळ आतल्या आत बंद होते आणि पिशवीसकट टोपलीत जाते. पिशव्यांना पैसे पडत राहतात, आणि ऐन दिवाळीत त्या मिळत नाहीत. बॅगलेसला तो खर्च नाही. पण डबा उघडला की बारीक धूळ भसकन तोंडावर येते. शिवाय फिल्टर धुवायचा आणि खडखडीत वाळेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात आमचे मोजे दोन दिवसांत वाळत नाहीत, तिथे तो स्पंजाचा तुकडा काय वाळणार!

तरी मी बॅगलेसच घेऊन आले. कारण आजी.

आजीचा सकाळचा केर दारापाशी गोळा व्हायचा, पण तो लगेच सुपलीत जायचा नाही. ती उकिडवी बसायची आणि तर्जनीने ढीग पसरायची. दोन तांदूळ, एक चिंचोका, शर्टाचं बटण, आमच्यातल्या कुणाच्या तरी पेन्सिलीचं तुटलेलं टोक. एकदा आत्याच्या कानातल्याची फिरकी निघाली, तिच्यावरून आदल्या दिवशी घरात रडारड झालेली. तांदूळ चिमण्यांना, बटण डब्यात, टोक आमच्या हातावर. मग उरलेला केर बाहेर. "काय काय चाललंय घरातून ते बघावं," म्हणायची. दिवे लागल्यावर मात्र केर काढायचा नाही, आणि काढावाच लागला तर दारामागे लोटून ठेवायचा, सकाळी उजेडात बघून टाकायचा.

१९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट बूथचं पहिलं अवाढव्य मशीन घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडक्यांतून लांब नळ्या आत सोडायचं. त्यातल्या काही नळ्या मुद्दाम पारदर्शक ठेवल्या होत्या, धूळ जाताना लोकांना दिसावी म्हणून. म्हणजे बघायची हौस आमच्या आजीचीच नव्हती.

आज नवं मशीन लावेपर्यंत संध्याकाळचे सात वाजून गेले. मी हॉल केला, मुलीची खोली केली, पलंगाखाली आडवी होऊन कोपरे केले. डबा निम्मा भरला. टोपलीपाशी गेले आणि परत आले.

"ओतून टाक की, त्यात काय," आतून आवाज आला. "देवापाशी दिवा लावून झालाय," मी म्हणाले. मशीन घेऊन बारा तास झाले नव्हते, आणि मी हे बोलत होते.

डबा दारामागे ठेवलाय. केसांच्या गुंत्यात काहीतरी निळं चमकतंय. मणी असेल, नाहीतर चॉकलेटचा कागद. सकाळी बघू.