पेट्रोलचा काटा पडायचा, स्कॅनर म्हणायचा सगळं ठीक

धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या पुढे काटा अर्ध्यावरून थेट तळाला जायचा, लाल दिवा लागायचा. एरंडोल येईपर्यंत पुन्हा अर्ध्यावर. टाकीत पेट्रोल भरपूर असायचं.

सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र काटा जागचा हलेना. त्यांनी स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. "कोड येत नाही साहेब, म्हणजे दोष नाही." मी म्हटलं, मल्टीमीटर लावून बघा, वायर हलवून बघा. "तसं आमच्याकडे करत नाहीत." गाडी दिवसभर तिथे उभी, मी बाकड्यावर. संध्याकाळी सल्ला काय, तर फ्यूएल पंपाची अख्खी असेंब्ली बदला! दोष नाही म्हणता, मग एवढा महाग पार्ट कशासाठी? याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. अशा मधूनच येणाऱ्या-जाणाऱ्या दोषासाठी पी०४६४ हा कोड आहे, पण दोष क्षणभरच टिकला तर तो नोंदला जाईलच असं नाही. कोड नाही म्हणजे बिघाड नाही, हे गिऱ्हाईकाला ठामपणे सांगणं मला अजूनही खटकतं.

शेवटी अमळनेरच्या एका वायरमनकाकांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो सर्व्हिस सेंटरमध्ये कुणीच विचारला नव्हता: "काटा दरवेळी एकाच पातळीला पडतो, की खड्ड्यात कुठंही?" टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर-खाली होतो तसा त्याचा दांडा रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतो, हाच पातळीचा सेन्सर. पट्टी एका जागी झिजली तर काटा बहुधा त्याच पातळीला दगा देतो. माझा कुठंही पडायचा, खड्डा लागला की.

काकांनी मागची सीट उचलली, कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला, सेन्सरच्या पिनांवर मीटर लावला. गाडी हलवली तरी ओहम, म्हणजे रेझिस्टन्सचे आकडे, सावकाश बदलत होते, मध्येच तुटत नव्हते. म्हणजे सेन्सर चांगला. कपलर परत जोडून, इग्निशन चालू ठेवून सेन्सरची अर्थिंगची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला व्होल्टेज बघितला: जवळजवळ शून्य. वायर हलवली आणि आकडा उसळला. "आठेच शे, भाऊ!" काका अहिराणीत म्हणाले, म्हणजे इथेच आहे. कार्पेटखालचा अर्थिंगचा बोल्ट गंजून ढिला झाला होता. पंपाची अर्थिंग वेगळी, म्हणून गाडी कधी बंद पडली नाही. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला. इतकंच काम होतं! मला खरंच हायसं वाटलं.

हो, सीट उचलण्याआधी सगळे दरवाजे उघडा, जवळ विडी-काडी नको. पेट्रोलची वाफ असते. वायर तुटल्यावर काही गाड्यांत काटा खाली पडतो, काहींत वर चढतो, तेव्हा 'फुल' दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. दुरुस्ती होईपर्यंत टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य करा आणि किलोमीटरवरून हिशेब ठेवा. काटा पडतानाचा व्हिडिओ शेजारी बसलेल्याकडून काढून घ्या. आणि जॉब कार्डवर 'काटा चेक करणे' असं मोघम लिहू देऊ नका. 'खड्ड्यात काटा तळाला जातो, कपलर व अर्थिंग तपासणे' असं लिहून घेऊनच सही करा.