‘समुपदेशन करण्यात आले’ : समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना नोंदी आणि अहवाल शिकवताना

एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाच्या क्षेत्रकार्याच्या वह्या तपासायला येऊ लागल्या की जवळपास प्रत्येक वहीत हा परिच्छेद भेटतो :

‘गृहभेट देण्यात आली. घरची परिस्थिती हलाखीची आहे. आई अशिक्षित असून मुलाकडे दुर्लक्ष करते. त्यामुळे मुलगा शाळेत अनियमित आहे. आईचे समुपदेशन करण्यात आले.’

पाच वाक्यं वाचूनही घर डोळ्यांसमोर येत नाही. भेटीला कोण गेलं, किती वाजता गेलं, घरात कोण होतं, हलाखी म्हणजे नेमकं काय दिसलं, दुर्लक्ष होतंय हे कुणी सांगितलं, आणि समुपदेशनात कोण काय बोललं, यातलं काहीच कळत नाही. व्याकरणाची मात्र एकही चूक नाही, म्हणून मराठीत चांगले गुण असलेली मुलंही इथेच अडकतात. आमच्याकडे विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून मुलं येतात. अहवालाची भाषा म्हणजे ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. ‘करण्यात आले’, ‘देण्यात आली’ या रूपांत करणारा माणूस नाहीसा होतो. कार्यालयांना ते सोयीचं असेल. समाजकार्यात मात्र कुणी काय केलं, हीच तर नोंद असते.

हे इतकं लावून धरण्याचं कारण, उद्या हेच विद्यार्थी बाल कल्याण समितीपुढे जाणारे अहवाल लिहिणार असतात. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३६ नुसार सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरची आणि परिस्थितीची चौकशी, १५ दिवसांत पूर्ण व्हावी लागते. मूल पहिल्यांदा समितीपुढे आल्यापासून चार महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता यावा, हा त्यामागचा हेतू. समितीने ते घर पाहिलेलं नसतं. तिच्यापुढे कागद असतो, आणि ‘आई दुर्लक्ष करते’ या तीन शब्दांवर मूल बालगृहात राहायचं की घरी जायचं हे ठरू शकतं.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत मी अहवाल लिहायलाच देत नाही. आधी एस.टी. स्टँडवर किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटं बसायचं, वही काढायची नाही, आणि परत आल्यावर जे पाहिलं ते एका पानात लिहायचं. वर्गात तीच पानं समोर घेऊन तीन रंगांच्या पेनांनी रेघा मारायच्या : स्वतः पाहिलं त्याखाली निळी, कुणी सांगितलं त्याखाली हिरवी, आपण ताडलं त्याखाली लाल. ‘एक गरीब बाई चिंतेत बसली होती’ हे सगळं वाक्य लाल होतं, हे पाहून वर्ग गप्प होतो. ‘साधारण पन्नाशीच्या बाई, पायात चप्पल नाही, हातात केसपेपरची घडी, दर थोड्या वेळाने दाराकडे पाहत होत्या’ हे निळं. लाल रेघ म्हणजे चूक, असा समज लगेच होतो. तो तिथल्या तिथे मोडावा लागतो. अंदाज व्यावसायिकाला बांधावाच लागतो. तो ‘माझा अंदाज’ म्हणून, कशावरून बांधला ते सांगून, वेगळ्या परिच्छेदात लिहायचा.

मराठीत या कामासाठी फार चांगली साधनं आहेत. ‘आढळले’, ‘दिसले’, ‘असे त्यांनी सांगितले’, ‘असे शेजाऱ्यांकडून कळले’, ‘असावे’ यांतल्या प्रत्येकाचं वजन वेगळं. विद्यार्थी सगळीकडे ‘आहे’ लावतात आणि ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती होऊन बसते. ‘वडील दारुडे आहेत’ याऐवजी ‘वडील आठवड्यातून तीन-चार दिवस दारू पिऊन येतात असे आईने सांगितले, वडिलांची भेट झालेली नाही’ असं लिहिलं की पुढच्या भेटीचं कामही समोर येतं.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रक्रिया नोंद, म्हणजे मुलांच्या भाषेत प्रोसेस रेकॉर्डिंग. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एका तासाच्या भेटीचं सगळं संभाषण लिहून काढायला सांगणं. मग मुलं रात्री बारापर्यंत जागतात आणि अर्धं मनाने रचतात. मी भेटीतली फक्त आठ ते दहा मिनिटं निवडायला सांगते, आणि तीही जिथे आपण अडखळलो ती. पान आडवं धरून चार रकाने आखायचे : सेवार्थी (ज्यांच्यासाठी आपण काम करतो ती व्यक्ती) काय बोलले, मी काय बोललो, त्या क्षणी मला काय वाटलं, आणि आता वाचताना काय दिसतं. चौथा रकाना दुसऱ्या दिवशी भरायचा, पहिले तीन त्याच रात्री. तीन दिवस लोटले की सेवार्थींची वाक्यं विद्यार्थ्याच्या भाषेत येतात, सगळे एकसारखं बोलू लागतात आणि नोंद खोटी पडते. मोबाइलवर चोरून रेकॉर्डिंग करायचं नाही. घराबाहेर पडल्यावर आधी पाच-सहा खुणेचे शब्द लिहायचे, त्यांवरून संभाषण परत उभं राहतं.

बोलीचा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या बाई म्हणतात, ‘तो पिऊन आला का मी पोरं घेऊन शेजारी जातो.’ विद्यार्थी वहीत लिहितो, ‘पती मद्यपान करून आल्यास मी मुलांना घेऊन शेजारी जाते.’ ‘जातो’ हे त्यांच्या बोलीतलं बाईच्याच तोंडचं रूप, ते सुधारायचा अधिकार आपल्याला नाही. ‘जीव घाबरा होते’ याचं ‘चिंताग्रस्तता आढळली’ असं भाषांतर तर आणखी घातक. जीव घाबरा होणं भीतीने असेल, उपासाने असेल, रक्त कमी असल्यानेही असेल. सेवार्थींचे शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवायचे आणि आपला अर्थ बाहेर लिहायचा. अहिराणी किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणाऱ्या घरांतून आलेली मुलं या कामात वर्गाच्या पुढे असतात. त्यांना ते मोकळेपणाने सांगावं लागतं, कारण आजवर शाळेत त्यांच्या बोलीला चूकच म्हटलेलं असतं.

लिहिणं आणि मुलाखत घेणं वेगळ्या तासांना शिकवून फारसा उपयोग होत नाही, असा माझा ठाम अनुभव आहे. नोंद पोकळ असते तेव्हा बहुतेकदा प्रश्नच पोकळ गेलेला असतो. त्यामुळे नोंद वाचून झाली की लगेच तिघांचे गट करते : एक कार्यकर्ता, एक सेवार्थी, एक निरीक्षक. सात मिनिटं मुलाखत, पाच मिनिटं चर्चा, मग भूमिका बदलायच्या. निरीक्षकाने मत द्यायचं नाही, मोजायचं : ‘हो-नाही’ने संपणारे प्रश्न किती, ‘का’ने सुरू झालेले किती, सेवार्थींचं वाक्य किती वेळा मध्येच तोडलं. ‘शाळेत का जात नाहीस?’ हा प्रश्न मुलाच्या कानावर रागावल्यासारखा पडतो आणि उत्तर येतं ‘असंच’. त्याऐवजी ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, सांगशील?’ असं विचारलं की पाणी भरणं, बहिणीला खाऊ घालणं, मग उशीर होणं हे आपोआप बाहेर येतं. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे वाक्य मी वर्गात बंद केलंय. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचं ते आश्वासन असतं, आणि समोरच्याचं बोलणं तिथेच थांबतं.

आता वरचाच परिच्छेद तीन खर्ड्यांनंतर कसा होतो, ते पाहा (तपशील सरावासाठी तयार केलेले आहेत) :

‘दुपारी १२.४० ला मी एकटी घरी गेले. पत्र्याची एक खोली, अंदाजे १० बाय १२ फूट. घरात मुलगा (वय ९) व त्याची बहीण (वय ४) होते, आई नव्हती. डब्यात तीन भाकरी व चटणी दिसली. “माय सातले निंदाले जाते, दिवस बुडता येते,” असे मुलाने सांगितले. शेजारच्या आजी दुपारी दोनदा येऊन पाहतात, असे आजींनी व मुलाने वेगवेगळे सांगितले. बहिणीचे नाव अंगणवाडीत आहे का, हे मुलाला माहीत नाही. माझा अंदाज : बहिणीला सांभाळण्यासाठी मुलाची शाळा बुडते. शाळेची हजेरी अजून पाहिलेली नाही. आईची भेट शनिवारी सायंकाळी ७ वाजता ठरवली आहे.’

‘दुर्लक्ष’ हा शब्द गेला आणि प्रश्नाची जागाच बदलली. आईला उपदेश करण्याऐवजी चार वर्षांच्या मुलीची दुपारची सोय हे काम झालं. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात, पण ती शाळेच्या आधीच सुटते. मधले तास कोण सांभाळणार, हे आजींशी आणि सेविकेशी बोलल्याशिवाय ‘मुलाला नियमित शाळेत पाठवावे’ ही शिफारस कागदावरच राहील. पहिल्या खर्ड्यात वाक्यं तुटक असतात. दुसऱ्यात तपशिलांची गर्दी होते, भिंतीच्या रंगापर्यंत. तिसऱ्यात प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न लावायचा : हा काढला तर निर्णय बदलेल का? नसेल बदलत तर काढायचा.

सामाजिक तपासणी अहवालाला आम्ही सातव्या आठवड्यात हात घालतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसाठी तो नमुना २२ आहे. विद्यार्थी तो सरावासाठी भरतात; समितीकडे जाणारा अहवाल अधिकृत कार्यकर्त्याचाच. छापील रकाने भरताना पेन आपोआप धावतं आणि शेवटची शिफारस वरच्या माहितीशी फारकत घेते. वर आईचं मुलावर प्रेम, मामाचा आधार, जवळ शाळा, आणि खाली ‘बालगृहात दाखल करावे’. म्हणून शिफारस आधी झाकते आणि शेजारच्या विद्यार्थ्याला उरलेला अहवाल वाचून शिफारस लिहायला लावते. दोन्ही जुळल्या नाहीत तर अहवालात काहीतरी राहिलंय. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मधलं तत्त्व आहे. तेव्हा तशी शिफारस करायची तर आधीचे कोणते पर्याय पाहिले आणि ते का जमले नाहीत, हे लिहावंच लागतं. त्याच कलमात कलंक लावणारी, आरोप करणारी भाषा वापरू नये असंही तत्त्व आहे. ‘बालगुन्हेगार’ऐवजी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही शिष्टाचाराची बाब नाही, कायद्याची आहे. प्रौढ स्त्रीला ‘ती’ न म्हणता ‘त्या’ म्हणायचं, ‘टाकलेली बाई’ न लिहिता ‘२०१९ पासून पतीपासून वेगळ्या राहतात’ असं लिहायचं.

गोपनीयतेत मुलं दोन्ही बाजूंनी चुकतात. एकीकडे नावाच्या जागी ‘क’ लिहितात आणि पुढे गाव, शाळा, वडिलांचं दुकान सगळं देतात. लहान गावात ‘क’ कोण हे लगेच कळतं. सांकेतिक क्रमांकांची यादी वेगळी, कुलपात, आणि वहीचं पान व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. नोंदी सुधारून घ्यायला एआय ॲपमध्ये चिकटवणं हेही आता सुरू झालंय. त्यात सेवार्थींची माहिती परक्या हाती जाते, आणि परत येणाऱ्या मजकुरात ‘सर्वांगीण’, ‘सक्षमीकरण’ येतं आणि भाकरी-चटणी जाते. दुसरीकडे ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊन बसतात. पॉक्सो अधिनियम २०१२ च्या कलम १९ नुसार बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणं बंधनकारक आहे. मूल असं काही बोलू लागलं तर ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, त्याचे शब्द आणि आपण विचारलेला प्रश्न दोन्ही जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी पर्यवेक्षकांना फोन करायचा.

वह्या तपासण्याचीही एक रीत बसवावी लागली. पहिले चार आठवडे ऱ्हस्व-दीर्घाला मी हात लावत नाही. लाल शाईने भरलेलं पान पाहून मुलं पुढच्या वेळी कमी लिहितात. एका नोंदीवर तीनच शेरे, तेही प्रश्नाच्या रूपात : ‘हे कुणी सांगितलं?’, ‘इथे तुम्ही विषय का बदलला?’ वैयक्तिक चर्चा नोंद वाचून झाल्यावरच, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. न वाचता घेतलेली चर्चा म्हणजे हजेरी.

सरकारी पत्रं एका तासात उरकतात. पान एकच, पहिल्या वाक्यात मागणी, जोडपत्रांची क्रमांकवार यादी. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज असेल तर रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, विधवा असल्यास पतीचा मृत्यू दाखला. सगळ्यात जास्त विसरली जाते ती पोच. दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. अर्ज गहाळ झाला तर त्या बाईंच्या हातात तेवढंच उरतं. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायचा. कृतीदेव या जुन्या फाँटमधला मजकूर समोरच्याकडे तो फाँट नसेल तर अक्षरांचा कचरा होऊन उघडतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत हस्तांतरण नोंद. दर वर्षी नवा विद्यार्थी त्याच घरात जातो आणि आईला तीच कहाणी पहिल्यापासून सांगायला लावतो. काही घरं त्यामुळेच दार लावून घेतात. नोंद दीड पानांची : आत्तापर्यंत काय झालं ते पाच ओळींत, कुटुंबाने स्वतः काय ठरवलं, आपण दिलेले कोणते शब्द अजून पाळायचे राहिले, कुठला अर्ज कुठे पडून आहे आणि त्याचा आवक क्रमांक. ही नोंद आधी कुटुंबाला वाचून दाखवायची, त्यांनी सांगितलेली दुरुस्ती करायची. तळाशी पुढची तारीख, म्हणजे तहसीलला परत कधी जायचं, कुठल्या टेबलाशी, आणि बाईंसोबत कोण जाणार.