एल्युसिसचं गुपित कुणी फोडलं

अथेन्स मेट्रोच्या लाल लाइनवर ‘दाफ्नी’ नावाचं स्टेशन आहे. दाफ्नीचा मठ बघायचा असेल तर तिथे उतरू नका. मठ शहराच्या पश्चिमेला, हैदारी भागात आहे. निळ्या लाइनने आगिया मारिनाला उतरायचं आणि पुढे बस धरायची. एलेफसिना, म्हणजे जुनं एल्युसिस, त्याच दिशेला आहे आणि मला मुख्यतः तेच बघायचं होतं.

रस्त्याचं नाव आजही ‘इएरा ओदोस’ आहे, म्हणजे पवित्र मार्ग. अथेन्समधल्या केरामेइकोसच्या वेशीपासून एल्युसिस साधारण २१ किलोमीटर. धान्याची देवी डिमीटर आणि तिची मुलगी पर्सेफनी यांच्या गुप्त विधींची दीक्षा घेणारे लोक बोएद्रोमिऑन महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबर) या वाटेने मिरवणुकीने जायचे. त्याच्या तीन-एक दिवस आधी समुद्रस्नान व्हायचं, आणि प्रत्येकाबरोबर बळी द्यायचं डुकराचं पिल्लूही पाण्यात उतरायचं. आज ही वाट पायी चालण्यात अर्थ नाही. पुढे महामार्ग आणि तेल शुद्धीकरणाचे कारखाने लागतात. वाटेतला दाफ्नीचा मठ अपोलोच्या देवळाच्या जागेवर आहे. तिथली अकराव्या शतकातली मोझेइक चित्रं सुरेख आहेत, पण ती गोष्ट आपल्या विषयाच्या बरीच नंतरची.

एलेफसिनाच्या अवशेषांत सावली फार कमी आहे. पाणी सोबत ठेवा. पायाखालचा संगमरवर घासून गुळगुळीत झालाय, पावसात त्यावरून पाय घसरतो. दोन दरवाजे ओलांडून, पाताळाचा देव प्लूटो याच्या गुहेवरून चढत गेलं की टेलेस्टेरियन लागतं. हे सभागृह जवळपास ५१ मीटर लांब आणि तेवढंच रुंद. ४२ खांबांचे फक्त बुंधे उरलेत. कडेने पायऱ्या आहेत आणि टेकडीच्या बाजूला त्या सरळ खडकातच कोरल्या आहेत. देऊळ म्हटलं की गाभाऱ्यातली मूर्ती डोळ्यांसमोर येते. इथे हजारो माणसांनी मिळून काहीतरी बघण्यासाठी बांधलेली जागा आहे. काय बघण्यासाठी, ते बाहेर सांगणाऱ्याला देहदंड होता. गुरुमंत्र सांगू नये हे आपल्याला समजतं, पण इथे ते शहराच्या कायद्यानेच बांधलेलं होतं.

मग आपल्याला जे थोडंफार माहीत आहे ते आलं कुठून? बरंचसं विरोधकांकडून, म्हणजे ख्रिस्ती लेखकांकडून. इ.स. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ग्रीकांना उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात दीक्षितांचं परवलीचं वाक्य उघड छापावं तसं देऊन टाकलं: उपास केला, किकेऑन प्यायलो, पेटीतून घेतलं, काम करून टोपलीत ठेवलं, टोपलीतून परत पेटीत. किकेऑन म्हणजे पाण्यात जवाचं पीठ आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती. सातूचं पीठ कालवून पिणाऱ्याला ते अनोळखी वाटणार नाही. थोड्याच काळाने रोमच्या हिप्पोलिटसने लिहिलं की सर्वांत मोठं रहस्य म्हणून दाखवलं जायचं ते नि:शब्दपणे कापलेलं धान्याचं एक कणीस.

इथे वाचणाऱ्याची एक चूक हमखास होते. क्लेमेंट पेट्यांतल्या वस्तूंची यादी देतो: तिळाच्या वड्या, मिठाचे खडे, डाळिंबं, खसखशीची बोंडं आणि सापसुद्धा. ही यादी एकट्या एल्युसिसची समजू नका. साप त्याने स्वतःच डायोनायसस या दुसऱ्या देवाचा म्हणून सांगितलाय. त्याला सगळे पंथ एकाच माळेत ओवून हास्यास्पद ठरवायचे होते. हिप्पोलिटसची माहितीही एका ख्रिस्ती पाखंडी गटाच्या लिखाणातून आलेली आहे. मला दोघांचंही म्हणणं मोलाचं वाटतं, पण ते उलटतपासणीतल्या साक्षीसारखं वाचावं लागतं.

ताळा करायला संग्रहालयात जा. छोट्या दरवाजावरच्या दोन दगडी स्त्रियांपैकी एक तिथे आहे. दुसरी १८०१ मध्ये इंग्लंडला नेली, ती केंब्रिजमध्ये आहे. संग्रहालयातल्या स्त्रीच्या डोक्यावर ती पेटीच आहे, आणि पेटीवर धान्याची कणसं आणि खसखशीची बोंडं कोरलेली स्पष्ट दिसतात. साप कुठेही नाही. आत काय होतं ते मात्र बंदच.

नुसती टिंगल झाली असं नाही. ख्रिस्ती धर्माच्या सेल्सस नावाच्या टीकाकाराने ख्रिस्ती लोकांना विचारलं होतं, दीक्षेला शुद्ध हातांच्या माणसांना बोलावतात, तुम्ही पाप्यांना का बोलावता? ख्रिस्ती लेखक ओरिजेनचं उत्तर असं: आजाऱ्याला आधी बरं होण्यासाठी बोलावतो, आमच्या रहस्यांत प्रवेश मात्र शुद्ध झालेल्यांनाच. म्हणजे प्रश्नाची चौकट त्याने स्वीकारली. क्लेमेंट तर त्याच ग्रंथाच्या शेवटी ख्रिस्तालाच हायरोफँट म्हणतो, म्हणजे एल्युसिसच्या मुख्य पुजाऱ्याची पदवी देतो. ग्रीक चर्चमध्ये संस्कारांना आजही ‘मिस्तिरिया’च म्हणतात.

३६४ मध्ये सम्राट व्हॅलेंटिनियनने रात्रीचे विधी बंद केले, तेव्हा ग्रीसचा प्रशासक प्रेटेक्स्टेटस याने, यांच्याविना ग्रीकांना जगणं नको होईल, असं सांगून सूट मिळवली. पुढे सम्राट थिओडोसियसने बंदी कडक केली आणि ३९५-९६ च्या सुमारास अलारिकच्या गॉथ फौजांनी ही जागा उद्ध्वस्त केली.

निघण्याआधी टेलेस्टेरियनच्या वरच्या टेकडीवर चढा. तिथे पानागिया मेसोस्पोरितिसाचं छोटं चॅपेल आहे. नावाचा अर्थ ‘अर्ध्या पेरणीची माता’. २१ नोव्हेंबरच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी बायका इथे पोलिस्पोरिया आणतात. आपल्याकडे याला घुगऱ्याच म्हणतील: गहू, हरभरे, मसूर आणि घेवडा उकडलेला, वरून मनुका आणि डाळिंबाचे दाणे. घरी करायचं असेल तर गहू, हरभरे आणि घेवडा रात्रभर भिजवून वेगवेगळे शिजवा आणि मसूर शेवटी घाला. सगळं एकदम चढवलं तर गहू शिजेपर्यंत मसुराचा लगदा होतो.