दुसरी सही

गेल्या महिन्यात माझा चेक परत आला. सोसायटीच्या मेंटेनन्सचा साधा चेक. खात्यात पैसे होते, सही माझीच होती, पण ती जुळत नव्हती म्हणे. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि वीस वर्षांपूर्वीची माझी सही दाखवली. "काका, यातला 'र' बघा आणि चेकवरचा बघा." बघितला. स्क्रीनवरचा 'र' ताठ उभा होता, चेकवरचा काठी टेकत चालला होता.

नवीन सहीचा फॉर्म घरी आणून खणात टाकताना दोन नोटा हाताला लागल्या. भाचा फिलिपिन्समध्ये दावाओला डॉक्टरकी शिकतो (आजकाल आपल्याकडची बरीच मुलं तिकडे असतात). त्याने घरमालकिणीकडून मागून आणलेल्या या जुन्या नोटा आता चलनातून बाद आहेत. एक हिरवी, ५ पेसोची. दुसरी पिवळी, ५०० ची. सह्यांचा विषय डोक्यात होताच, म्हणून भिंग घेऊन बसलो.

आपल्या नोटेवर एकट्या गव्हर्नरची सही असते. तिथे दोन असतात, एक राष्ट्राध्यक्षांची आणि दुसरी मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरची. हिरव्या नोटेवर पहिली सही फर्डिनंड मार्कोस यांची. पिवळीवर कोराझॉन अक्विनो यांची. या ५०० च्या नोटेवर चेहरा आहे निनॉय अक्विनो यांचा, म्हणजे नवऱ्याच्या तसबिरीखाली बायकोची सही. १९८३ च्या ऑगस्टमध्ये मार्कोस यांचे विरोधक निनॉय मनिलाच्या विमानतळावर विमानातून उतरत असताना त्यांना गोळी घातली गेली, १९८६ च्या फेब्रुवारीत लोक रस्त्यावर उतरले, मार्कोस पळाले, आणि १९८७ साली ही नोट आली. एवढी उलथापालथ. पण दुसरी सही दोन्ही नोटांवर एकाच माणसाची! होसे बी. फर्नांडेझ ज्युनिअर.

आपल्या वसईत हे फर्नांडिस झाले असते. तिथे सगळा देश त्यांना 'जोबो' म्हणायचा. फिलिपिनो लोकांचं टोपणनावांचं वेड आपल्या बंडू-बाळूंच्या वरताण. जोबो मुळात खाजगी बँकवाले. १९६० मध्ये त्यांनी फार ईस्ट बँक काढली आणि ती वाढवण्यात वीसेक वर्षं घातली. निनॉयच्या हत्येनंतर डॉलर देशातून पळू लागले. ऑक्टोबरमध्ये सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. त्यातच उघड झालं की मध्यवर्ती बँकेने आपली गंगाजळी सुमारे ६० कोटी डॉलरनी फुगवून दाखवली होती. तेव्हाचे गव्हर्नर गेले. सावकारांचा विश्वास बसेल असा कोणीतरी हवा होता, आणि जानेवारी १९८४ मध्ये ती खुर्ची जोबोंकडे आली.

त्या वर्षी महागाई ५० टक्क्यांच्या घरात होती. जोबोंनी काढलेला काढा जालीम होता. मध्यवर्ती बँकेने स्वतःचे रोखे विकायला काढले, व्याज ४० टक्क्यांच्याही वर. लोक त्यांना सरळ 'जोबो बिल्स' म्हणू लागले. (आपल्याकडे गव्हर्नरसाहेबांच्या नावाने 'बाळू बाँड' निघाल्याची कल्पना करून बघा.) सरकारी खात्रीचे चाळीस टक्के घरबसल्या मिळत असतील, तर कुठली बँक साबणाच्या कारखान्याला कर्ज देत बसेल? बाजारातला पैसा सगळा मध्यवर्ती बँकेत ओढला गेला. १९८६ पर्यंत महागाई एका टक्क्याच्या आसपास आली. ताप उतरला, पण रोग्याचं वजनही उतरलं. १९८४ आणि १९८५ अशी दोन्ही वर्षं अर्थव्यवस्था सात-सात टक्क्यांनी आक्रसली. ते व्याज भागवताना मध्यवर्ती बँकही खोल तोट्यात गेली. असे बरेच तोटे साचले, आणि १९९३ मध्ये जुनी बँक बाजूला ठेवून नवी उभारावी लागली.

मला खटकते ती दुसरी गोष्ट. जानेवारी १९८५ मध्ये जोबोंच्या मध्यवर्ती बँकेने बँको फिलिपिनो बंद केली. देशातली सगळ्यात मोठी बचत बँक, साध्यासुध्या माणसांच्या ठेवींची. १९९१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने ती कारवाई मनमानी ठरवून रद्द केली. कालपर्यंत जो स्वतः बँकवाला होता, त्याने दुसऱ्याच्या बँकेला कुलूप लावायचं म्हणजे हेतू कितीही स्वच्छ असला तरी शेजारीपाजारी कुजबुजणारच. कुलूप उघडायला नऊ वर्षं लागली. तेवढ्यात कितीजणांच्या मुलींची लग्नं लांबली असतील!

तरी कोराझॉन अक्विनो ऊर्फ कोरीबाईंनी जोबोंना काढलं नाही. मार्कोसांनी करून ठेवलेलं, सव्वीस अब्ज डॉलरच्या आसपासचं कर्ज फेडावं की त्यातलं काही सरळ नाकारावं, यावर त्यांच्या मंत्रिमंडळातच जुंपली. जोबो फेडणाऱ्यांच्या बाजूचे. शेवटी तेच ठरलं. बँकवाला दुसरं काय म्हणणार? १९९० पर्यंत ते खुर्चीवर राहिले.

आपले चिंतामणराव देशमुख नेमके उलट्या वाटेने गेलेले. सनदी अधिकारी, मग रिझर्व्ह बँक. आपल्या नोटांवर सही करणारे पहिले भारतीय गव्हर्नर तेच. १९५९ साली मनिलाहून मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोही सरकारी सेवेसाठी. पुढे अर्थमंत्री असताना चिंतामणरावांना पंतप्रधान पटले नाहीत तेव्हा ते राजीनामा देऊन मोकळे झाले. जोबो दोन राष्ट्राध्यक्षांखाली टिकले. यातलं अवघड कुठलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बायको चहा घेऊन आली. नोटा बघून म्हणाली, "चालतात?"

"नाही."

"मग भिंग कशाला?"

भिंग बाजूला ठेवलं, दोन्ही नोटा पासबुकात सरकवल्या आणि बँकेच्या फॉर्मवर सही केली. तीन चौकोन होते. तीन वेळा केली, तीन तऱ्हेची झाली.