कोऱ्या टेपमधली १९ मिनिटं

जुन्या व्हिडिओ टेप डिस्कवर उतरवून देणं हे माझं काम. त्या दिवशी सात कॅसेटी आल्या, त्यांतल्या सहांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळ्या आठ एमएमच्या, म्हणजे आठ मिलिमीटर रुंद फितीच्या कॅमकॉर्डर कॅसेटी, ९० मिनिटांच्या. सातवीवर चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘२२ मिनिटांनंतर कोरी’. ही टेप आधी दुसरीकडे दिली होती आणि तिथून २२ मिनिटांच्या लग्नाची डिस्क व ही चिठ्ठी परत आली होती. घेऊन आलेले गृहस्थ म्हणाले, “सहा करून द्या. हिचं काय, ठेवायची की टाकायची, तेवढं सांगा.”

टेप कोरी आहे असं कोणी म्हणालं, की मी त्याचा अर्थ एवढाच घेतो: त्यांच्या मशीनला तिथं काही वाचता आलं नाही.

आधी नेहमीची तपासणी. कॅसेटच्या मागची रेकॉर्ड-बंदीची पट्टी सरकवली. हे सगळ्यात पहिलं, कारण कॅमकॉर्डरचं लाल बटण अंगठ्याखालीच असतं. मग झाकण उचलून फीत उजेडात धरली. खिडकीतून दिसणाऱ्या गुंडाळीवर पांढरी जाळी किंवा ठिपके असतील तर ती बुरशी. अशी कॅसेट कुठल्याच मशीनमध्ये घालायची नाही, नाहीतर तीच बुरशी हेडवरून, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावरून, पुढच्या टेपवर जाते. इथं तसं काही नव्हतं. फक्त साधारण मध्यावर गुंडाळीत एक थर बाकीच्यांपेक्षा जरासा वर आलेला दिसत होता. अशी वर आलेली कड बऱ्याचदा फीत मध्येच थांबून पुन्हा सुरू झाल्याची खूण असते. तेव्हा ते फक्त डोक्यात ठेवलं.

नंतर टेप एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचे वेटोळे कुठे सैल, कुठे घट्ट झालेले असतात. एकदा सलग फिरवली की ताण सारखा होतो. फिरताना किरकिर आली किंवा वेग मंदावला तर लगेच थांबायचं, जोर करायचा नाही.

पहिल्यांदा हाय-एट (आठ एमएमचीच सुधारित ॲनालॉग जात) कॅमेऱ्यात लावली. लग्नाचं चित्रण, रंग थोडे उडालेले, बाकी स्वच्छ. २२ मिनिटं झाली आणि एक बाई बोलत असताना वाक्य अर्ध्यावर तुटलं. पडदा निळा. बहुतेक लोक इथंच टेप काढतात, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्यानंही तेच केलं असणार. मी फास्ट फॉरवर्ड न करता घड्याळ लावून तशीच चालू ठेवली. निळा, निळा, निळा. बरोबर २७ मिनिटांनी चित्र परत आलं. तेच लग्न, तोच हॉल, आणि पुन्हा एक वाक्य अर्ध्यावरून सुरू. ते आणखी २१ मिनिटं चाललं, मग संपलं, आणि त्यानंतर टेपच्या शेवटापर्यंत परत निळा.

दोन निळे पडदे, पण दोन्ही एका जातीचे नाहीत. शेवटचा खरोखर कोरा आहे, कॅमेरा तिथवर पोहोचलाच नाही. मधला कोरा असणं शक्य नाही. सलग चित्रणाच्या पोटात २७ मिनिटांचं भोक कॅमेरा आपोआप पाडत नाही. कोणीतरी टेप मध्यावर आणून तिच्यावर दुसरं काही भरलं होतं, आणि जे भरलं ते या मशीनला वाचता येत नव्हतं.

आठ एमएमच्या बाबतीत अशा वेळी पहिला संशय डिजिटल-एटवर. सोनीनं १९९९ मध्ये आणलेली ही पद्धत जुन्याच कॅसेटवर डिजिटल चित्रण करते. कॅसेटवर छापलेलं ‘हाय-एट’ म्हणजे आत काय भरलंय ते नव्हे, फक्त टेपची जात. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत साध्या आठ एमएमचा ड्रम (हेड बसवलेला फिरता दंडगोल) मिनिटाला १५०० फेरे घेतो, डिजिटल-एटचा ४५००. फितीचा वेगही वेगळा: साध्याचा सेकंदाला साधारण २० मिलिमीटर, डिजिटलचा २८.७. हाय-एट मशीन आपल्या ओळखीचा ॲनालॉग सिग्नल शोधतं, तो सापडत नाही, म्हणून आवाज बंद करून निळा पडदा दाखवतं. मुंग्या दाखवल्या असत्या तर निदान शंका तरी आली असती. निळा पडदा दिसला की बघणारा निर्धास्तपणे टेप काढून ठेवतो.

इथं हिशेब करता येतो. २७ मिनिटांची फीत २० च्या वेगानं गेली. तेवढीच फीत २८.७ च्या वेगानं गेली तर सुमारे १९ मिनिटं होतात. कागदावर ‘१९?’ लिहिलं आणि टेप डिजिटल-एट कॅमेऱ्यात लावली. हा कॅमेरा निवडताना एक गोष्ट पाहावी लागते: सगळे डिजिटल-एट कॅमेरे जुनं ॲनालॉग चित्रण वाचत नाहीत. या टेपला दोन्ही वाचणारा हवा होता.

निळा पडदा तीनेक सेकंद राहिला आणि मग चित्र आलं. खिडकीजवळ शिवणयंत्र, एक वयस्क बाई पाय चालवत शिवतायत. कॅमेरा कुठंतरी टेबलावर ठेवलेला, चौकट किंचित तिरकी. बाई कॅमेऱ्याकडे बघतही नाहीत. मध्येच दोरा तुटतो, त्या दाताखाली टोक ओलं करून सुईत ओवतात, पुन्हा टकटकटक. डिजिटलमध्ये चित्रासोबत चित्रणाची तारीख आणि वेळही नोंदलेली असते. ती वाचून फाइलच्या नावात घातली. लग्नाच्या भागात अशी नोंद नव्हती.

चित्र दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. दर सात-आठ सेकंदांनी चौकोनी ठोकळे येत होते आणि आवाज तुटत होता. ॲनालॉगमध्ये फितीवरचा कण निघाला असेल तर पांढरी रेघ येते आणि जाते. डिजिटलमध्ये डेटा वाचता आला नाही की तिथं ठोकळे दिसतात. इतक्या नियमानं येत असतील तर आधी हेड बघायचं. लग्नाच्या भागानं जुनी धूळ हेडवर आणून ठेवली होती. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवलेली शॅमॉय चामड्याची काडी ड्रमला आडवी टेकवून धरली आणि ड्रम दुसऱ्या हातानं हळूच फिरवला. काडी जागची हलू द्यायची नाही. वर-खाली घासलं तर हेडचं टोक उडतं, आणि ते टोक केसापेक्षाही बारीक असतं. कापसाची काडी वापरायची नाही, तंतू अडकतात. काडीवर तपकिरी रेघ उमटली. नवीन काडी घेऊन पुन्हा, रेघ उमटेनाशी होईपर्यंत. मग दहा मिनिटं झाकण उघडं ठेवून वाळू दिलं.

कॅमेरा आणि संगणक फायरवायरनं (डिजिटल चित्रण संगणकात नेणारी केबल) जोडले, दोन्ही बंद असताना. संगणकाच्या सहा-पिनी तोंडातून वीज येते. चालू असताना केबल उलटी किंवा तिरकी बसवली की कॅमेऱ्याचं तोंड जळतं. डीव्हीचा, म्हणजे कॅमेऱ्यातून येणाऱ्या डिजिटल व्हिडिओचा, एक तास म्हणजे सुमारे १३ जीबी, त्यामुळे जागा आधीच मोकळी केली. सगळी टेप सलग संगणकात उतरवायचं (कॅप्चर) मनात आलं होतं, पण ॲनालॉगवरून डिजिटलवर जाताना कॅमेरा काही क्षण गडबडतो आणि बरेच प्रोग्राम तिथं एकतर थांबतात, नाहीतर फाइल खराब करतात. म्हणून तीन तुकडे केले. प्रत्येक तुकडा सांध्याच्या थोडा मागून सुरू केला, आणि मेनूमधला प्लेबॅक मोड लग्नासाठी ‘हाय-एट/एट’ वर, मधल्या तुकड्यासाठी ‘ऑटो’ वर ठेवला. तरीही सांध्यावरचे पहिले दोन-तीन सेकंद एका झटक्यात मिळत नाहीत. तिथं चारदा मागे घेऊन सगळ्यात चांगला प्रयत्न ठेवला.

मधला तुकडा तीनदा पूर्ण उतरवला, मुद्दाम. डिजिटल वाचनात चूक दरवेळी त्याच फ्रेमवर येत नाही. एकदा वाचली न गेलेली फ्रेम दुसऱ्या खेपेला मिळून जाते. डीव्हीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम अशा खेपा जुळवून चांगल्या फ्रेम उचलतो. तीन खेपांनंतर ठोकळे उरले फक्त दोन ठिकाणी, दोन्ही त्या वर आलेल्या कडेपाशी. तिथं फितीला घडी पडली होती. ती घडी इस्त्री करून वगैरे काढायला जाऊ नये. फीत तशीच राहू द्यावी. तुकडा निघाला १९ मिनिटं आणि थोडे सेकंद.

डिस्क बनवताना खरी गंमत आवाजात आहे. लग्नाचा भाग कॅमेऱ्यानं डीव्हीत रूपांतरित केला, त्याचा आवाज ४८ किलोहर्ट्झ. शिवणयंत्राचा भाग १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ. डिजिटल-एटमध्ये लोक सेटिंग न बदलता चित्रण करतात आणि हेच येतं. दोन्ही एका टाइमलाइनवर सरळ जोडले तर काही प्रोग्राम ३२ चा आवाज ४८ समजून दीडपट वेगानं वाजवतात. म्हणून त्या तुकड्याचा आवाज आधीच ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून (रीसॅम्पल करून) घेतला. इथं शिवणयंत्र उपयोगी पडलं. सुई खाली येताना दिसते आणि टक ऐकू येतो, त्यामुळे पहिल्या मिनिटाला आणि अठराव्या मिनिटाला आवाज चित्रासोबत आहे की नाही हे डोळ्यांनी तपासता आलं. नुसतं बोलणं असतं तर थोडीशी घसरण पटकन लक्षात आली नसती.

सुईनं दुसरी चूकही पकडून दिली. टीव्हीच्या प्रत्येक फ्रेममध्ये एकाआड एक रेघांची दोन अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, असतात; डीव्हीत खालची फील्ड आधी असते. माझ्या एन्कोडरमध्ये (डिस्कसाठी फाइल बनवणारा प्रोग्राम) आदल्या कामातलं ‘वरची आधी’ सेटिंग तसंच राहिलं होतं. संगणकावर काही वेगळं वाटलं नाही; टीव्हीवर लावल्यावर सुई मागे-पुढे थरथरत होती. बदललं, पुन्हा एन्कोड. डीइंटरलेस, म्हणजे दोन फील्डची एक सलग फ्रेम, केलं नाही, टीव्ही आणि प्लेअर ते आपापलं करतात, आणि केलं तर अर्धी हालचाल कायमची जाते.

तीन तुकडे मिळून ६२ मिनिटं. एमपेग-२ चा (डीव्हीडीवरच्या चित्राची पद्धत) वेग सेकंदाला ८ मेगाबिट ठेवला, आवाज २५६ किलोबिट, ४.७ जीबीच्या डिस्कवर हे ३.८ जीबीत बसतं. आणखी वाढवता आलं असतं, डीव्हीडीची मर्यादा ९.८ आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर इतका वेग बरेच प्लेअर सहन करत नाहीत, अडखळतात. बर्न ४ एक्सनं, नंतर व्हेरिफाय. कागदी लेबल चिकटवत नाही. ते वाळताना डिस्क वाकते. आतल्या पारदर्शक वर्तुळावर मार्करनं क्रमांक. मूळ डीव्ही फाइल, १३ जीबीच्या आसपास, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दिली. डिस्क बघण्यासाठी, फाइल ठेवण्यासाठी.

बाकीच्या सहा टेपही त्याच कॅमेऱ्यातून डीव्हीत घेतल्या, ॲनालॉग चित्र संगणकात घेणाऱ्या यूएसबीच्या छोट्या डोंगलनं नाही. डोंगल अधूनमधून फ्रेम सोडतो, आणि तासाभरात ओठ आणि आवाज वेगळे चालतात.

गृहस्थांना एक वाईट बातमीही द्यावी लागली. लग्नाची मधली २७ मिनिटं गेली. त्या जागेवर दुसरं चित्रण चढलं की खालचं परत येत नाही, कुठल्याही मशीननं. त्यांनी ते ऐकून घेतलं, बहुधा नीट नाही, कारण मागे टीव्हीवर शिवणयंत्र चालू होतं. जाताना म्हणाले, लग्नाची एक डिस्क पुरे, ही १९ मिनिटं मात्र वेगळ्या डिस्कवर द्या, पाच प्रती. म्हणून मेनूशिवाय नवा प्रोजेक्ट केला, घातली की थेट सुरू होणारी डिस्क, आणि पाच काढल्या.